नाना वारले ती दिवाळी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीत तळणाचा वास कुठल्या घरातून सुटलाय, हे मला बसल्या जागी सांगता येतं. चकलीचा वास खालून, घरमालकीण सुमनकाकूंकडून. शेवेचा मागच्या घरातून, तिथं ओवा जरा जास्तच घालतात. चिवड्याची फोडणी मात्र कुणाच्याही घरात पडो, पहिली शिंक मला येते. सकाळी दुचाकीवर बसलं की गुडघ्यांना गार लागायला लागतं. क्रांती चौकात आकाशकंदिलांचे स्टॉल निम्म्या रस्त्यापर्यंत आलेले असतात, आणि वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जो तो एकमेकांना विचारत असतो, गावाकडं कधी निघणार. दरवर्षी हे असंच असतं. आणि दरवर्षी कुठल्या तरी एका सकाळी, चकलीच्या पहिल्या वासाबरोबर मला एकदम सुटल्यासारखं वाटतं. मी मोठा श्वास घेतो. सोनाली, म्हणजे माझी बायको, विचारते की काय झालं. मी काही नाही म्हणतो. तिला ठाऊक असतं काय झालं ते. त्या एका वर्षी ती याच वासानं तोंडाला पदर लावून मोरीकडं पळायची.

आम्ही दोघंही या शहरातले नाही. माझं गाव सोयगाव तालुक्यात, तिचं माहेर पाचोऱ्याला. नकाशात बघाल तर फार लांब नाही, पण मधला रस्ता तेव्हा असा होता की सकाळी केस विंचरून निघालेला माणूस गावी पोचेपर्यंत ओळखू येत नसे. इथं आमचं घर म्हणजे क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. खाली सुमनकाकू एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. जिना चढलं की डावीकडं आम्ही आणि उजवीकडं नसीम आपा. त्यांचा नवरा शहागंजात पडदे शिवतो. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. लोकांची दिवाळी सुरू झाली की आमचं काम सुरू होतं. वर्षभर धडधडणारी यंत्रं दिवाळीत तेवढी थांबतात, म्हणून तेव्हाच ती उघडायची, पुसायची, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं. शटडाऊन हा शब्द आमच्या घरी माझ्या आईलाही पाठ आहे. पाडव्याला मुलगा का नाही, असं कुणी विचारलं तर ती रागानं तेवढा एकच शब्द सांगते. तरी आमच्यात आलटून पालटून सुट्टी मिळते. त्या वर्षी सुट्टीच्या यादीत माझं नाव होतं. माझं नाव नाही, असं मी घरी फोन करून सांगितलं.

हे त्या दिवाळीतलं पहिलं खोटं.

का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. त्याच वर्षी फाल्गुनात सोनालीला दिवस गेले होते. पहिलीच वेळ होती, आम्हाला राहवलं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं त्याच सकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून आईला फोन लावला, सोनालीनं तिच्या आईला लावला, आणि दुपारपर्यंत दोन्ही तालुक्यांत बातमी पसरली. आत्यानं तर झबल्याचं कापडसुद्धा घेतलं. आणि मग दुसऱ्या तपासणीला डॉक्टरबाई पडद्याकडं बघताबघता गप्प झाल्या. ठोके दिसत नव्हते.

बातमी सांगायला एक सकाळ पुरली होती. परत घ्यायला तीन आठवडे लागले. एकेकाला फोन करायचा, आधी इकडचं तिकडचं बोलायचं, मग सांगायचं, मग पलीकडून जे सुचेल ते ऐकून घ्यायचं. काही जण रडायचे, त्यांची समजूत आम्हीच काढायचो. आणि ज्यांच्यापर्यंत दुसरी बातमी पोचलीच नाही, ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनाली माहेरी गेली तेव्हा तिच्या पोटाकडं बघून हसले. ती परत आली ती दुसऱ्याच दिवशी. आखाजीला माहेरी गेलेली लेक दुसऱ्या दिवशी सासरी परतते, असं तिकडं कधी होत नाही.

म्हणून आश्विनात तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा आम्ही दोघंही गप्प बसलो. आनंद झाला नाही असं नाही, पण तो मांजराच्या पावलानं आला आणि दाराशीच बसून राहिला. डॉक्टरबाईंनी तपासलं. म्हणाल्या, अजून फार लवकर आहे, ठोके आत्ता दिसायचे नाहीत, दिवाळी झाली की सोमवारी या. तोवर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जिना चढउतार नाही, प्रवास तर नाहीच. गाव कुठलं ते विचारून घेतलं आणि त्या रस्त्याचं नाव ऐकून हातानंच नको म्हणाल्या. घरी येताना सोनाली रिक्षात एवढंच बोलली, "या वेळी कोणालाच नाही. आईलाही नाही. ठोके दिसेपर्यंत आपण दोघंच." ती एकेक पायरी थांबून थांबून जिना चढली आणि मग पंधरा दिवस खाली उतरली नाही.

पंधरा दिवस म्हणजे किती असतात हे कुणाला मोजायचं असेल तर त्यानं अशी वाट बघावी. सोनाली पलंगावर भिंतीला टेकून बसायची आणि सतत स्वतःकडं लक्ष देऊन असायची. मळमळ झाली की बरं वाटायचं, म्हणजे सगळं ठीक आहे. एखादी सकाळ बरी गेली की घाबरायची. उलटी झाल्यावर हसणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी यंत्रांचा माणूस. यंत्राचं बिनसलं की झाकण उघडून बघायचं, एवढंच मला कळतं. जिथं उघडून बघता येत नाही तिथं नुसतं बसून राहायचं, हे मला येत नव्हतं. मग मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दोन तर चांगले होते.

त्या सगळ्यात दिवाळी आलीये हे आमच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे तारीख कळत होती, पण कंदील लावायला हवा, दारात रांगोळी हवी, घरातून तळणाचा वास यायला हवा, हे सुचलंच नाही. तेलाच्या वासानं ती आडवी व्हायची, त्यामुळं मी फोडणीसुद्धा बंद केली होती. वरणभात, मुगाची खिचडी, लिंबू. खिडक्या लावलेल्या. बायको कुणाला दिसत नाही, नवरा पिशवी घेऊन एकटाच खाली येतो, दाढी वाढलेली, कुणाशी धड बोलत नाही. गल्लीनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

धनत्रयोदशीला सकाळी मी दूध घेऊन येत होतो. सुमनकाकू फाटकापाशी सडा घालत होत्या. मला बघून त्यांनी बादली खाली ठेवली, जवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुमच्याकडं कोणी गेलं का.

खरं सांगायचं तर मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मनात हिशेब झाला तो असा. नाही म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, मग सोनाली का दिसत नाही. तब्येत बरी नाही म्हणालो तर काकू वर येणार. आणि वर आल्या तर तिच्याकडं एकदा बघूनच ओळखणार, कारण काकूंनी आजवर या गल्लीतल्या निम्म्या सुनांचं चेहऱ्यावरून ओळखलेलं आहे. मी म्हणालो, हो.

कोण, तर आमचे नाना. नेहमी खोटं बोलणारा माणूस एखादं नाव तयार ठेवत असेल. मला जे पहिलं सुचलं ते खऱ्याच माणसाचं निघालं. नाना म्हणजे माझे चुलत चुलते. सत्तरीचे, धडधाकट, अजून सायकलवर बाजाराला जाणारे, एका बैठकीत तीन भाकरी खाणारे. काकूंनी चौकशी केली, कधी गेले, कशानं गेले. मी दसऱ्यानंतर म्हणालो, झटका आला म्हणालो. म्हणताना मला नानांची सायकल दिसत होती. काकूंनी मान हलवली. चुलत चुलते म्हणजे भाऊबंदच की, मग पाळायलाच पाहिजे, असं म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही कढई ठेवू नका. आम्ही आहोत."

ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल, तिथं दिवाळीला तळण करत नाहीत. शेजारपाजारचे, सोयरेधायरे आपल्या घरातला फराळ आणून देतात. लहानपणी आईबरोबर मी असे डबे पोचवले होते. आपल्या घरी येतील असं मात्र कधी वाटलं नव्हतं, तेही जिवंत माणसासाठी.

वर जाऊन मी सोनालीला सांगितलं. तिनं विचारलं, "कोणाला मारलंत?" नाना म्हटल्यावर ती हसली. कित्येक दिवसांनी मोकळेपणी हसली, उशी तोंडावर धरून हसली. दुपारी मात्र मी पाणी द्यायला गेलो तेव्हा डोळे पुसत होती. म्हणाली, असल्या दिवसांत तोंडातून असं काढू नये. एवढंच. मला राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना. शकुन-अपशकुन मी मानत नाही असं मी कंपनीत चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. त्या दुपारी मी गॅलरीत उभा राहून मनातल्या मनात नानांची माफी मागितली, आणि जो अजून कोणीच नव्हता त्याचीही.

संध्याकाळपासून फराळ येऊ लागला. काकूंकडचं ताट आलं, मागच्या घरातून शेव आली, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या बायकोनं अनारसे पाठवले. येणारी बाई दारातच थांबायची, खालच्या आवाजात दोन शब्द बोलायची, ताट माझ्या हातात द्यायची आणि आत एक नजर टाकून जायची. पलंगावर बसलेली, केस न विंचरलेली, सुकलेली सोनाली बघून तिची खात्रीच पटायची. चुलतसासऱ्यावर एवढा जीव असलेली सून गल्लीनं आजवर पाहिली नव्हती. एकीनं तसं बोलूनही दाखवलं. एवढंच नाही, तर आमच्या जिन्यापाशी फटाके उडवायचे नाहीत असं काकूंनी पोरांना बजावून ठेवलं. मी ओट्यावर मांडलेली सात घरांची सात ताटं बघत उभा होतो, आणि त्या तेलातुपाच्या वासानं आत सोनालीला उमासे येत होते. शेवटी सगळं डब्यांत भरून, डबे पिशवीत बांधून, पिशवी गच्चीवरच्या टाकीशेजारी नेऊन ठेवली.

नसीम आपांचं वेगळंच. त्यांच्यात ज्या घरात मयत झाली त्या घराला तीन दिवस शेजारी जेवण पाठवतात, तिथं चूल पेटू देत नाहीत. आमची मयत गावाकडं झाली होती आणि तीन दिवसही उलटून गेले होते, पण आपांनी असले बारीक हिशेब केले नाहीत. धनत्रयोदशीच्या रात्रीपासून त्यांच्याकडून भात आणि खट्टी दाल यायला लागली. चिंच घातलेली पातळ डाळ, वर कढीपत्ता. सोनालीनं पहिल्या दिवशी वास घेऊन बघितला, मग एक घोट घेतला, मग वाटी तोंडाला लावली. दहा दिवसांत पोटात टिकलेलं ते पहिलं जेवण. दुसऱ्या दिवशी आपा वाडगं न्यायला आल्या तेव्हा ते चाटूनपुसून लख्ख होतं आणि शेजारी त्या सकाळीच आलेल्या ताटातल्या चकलीला हातही लागला नव्हता. आपांनी वाडग्याकडं बघितलं, सोनालीकडं बघितलं. त्या संध्याकाळी डाळीत चिंच जास्त होती.

नरकचतुर्दशीला आम्ही दिवाळी केली. चोरून. पहाटे सगळी गल्ली अभ्यंगाला उठली होती, खाली बंबाचा धूर, रेडिओ, पोरांची रडारड. मी मोरीत प्लास्टिकचं स्टूल ठेवून सोनालीला त्यावर बसवलं, कारण वाकायचं नव्हतं, आणि तिच्या पाठीला तेल-उटणं लावलं. तिची आई दरवर्षी करायची तसं काही मला आलं नाही, बरंचसं उटणं तिच्या कानात गेलं. मग मी स्वयंपाकघराच्या दाराआड, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी, चार ठिपक्यांची रांगोळी काढली आणि ओट्याखाली एक पणती लावली. दुखवट्याच्या घरात उजेड दिसता कामा नये. आम्ही दोघं ओट्याखालच्या त्या पणतीकडं बघत बसलो. सोनाली म्हणाली, एवढी लपवाछपवी लग्नाआधीसुद्धा केली नव्हती.

त्यानंतर आम्ही कितीतरी दिवाळ्या केल्या. कंदील लावले, माळा लावल्या, गावाकडं जाऊन अंगणभर पणत्या लावल्या. पण डोळे मिटून दिवाळी म्हटलं की मला गॅसच्या नळीशेजारची ती पणती आठवते. तेव्हा आमच्याजवळ नक्की असं काहीच नव्हतं. होईल की नाही हे ठाऊक नसताना एखाद्या गोष्टीवर जीव लावायला जी हिंमत लागते, ती माझ्यात त्या सकाळी फारशी नव्हती. सोनालीत होती. पणती विझायला आली तेव्हा उठून तिनंच तेल घातलं. मी ओरडलो, वाकू नको म्हणून.

पाडव्याला सकाळी दहाच्या सुमारास मी दारात केर काढत होतो. खालून काकूंचा आवाज आला, नेहमीचा, चढा. धनत्रयोदशीपासून त्या माझ्याशी अशा आवाजात बोलल्या नव्हत्या. मी खाली डोकावलो. फाटकात नाना उभे होते. पांढरा सदरा, टोपी, एका हातात फराळाचा डबा, खांद्यावर सीताफळांची गोणी. शटडाऊनमुळं पोरांना येता येत नाही म्हणून आईनं त्यांना एसटीत बसवून दिलं होतं. काकूंनी कोण म्हणून विचारलं असावं आणि त्यांनी नाव, गाव, नातं सगळं खणखणीत सांगितलं असावं, कारण काकू एकदा त्यांच्याकडं आणि एकदा वर माझ्याकडं बघत होत्या.

दोघं वर आले. नाना पुढं, काकू मागं, आणि आवाज ऐकून नसीम आपाही दारात. नानांनी गोणी टेकवली, माझ्या हातातला झाडू बघितला आणि म्हणाले, "तुझं ते सटडान म्हंजे हेच व्हय?" मग काकूंकडं वळून म्हणाले, की या बाई म्हणतात मी मेलोय, तर ते काय प्रकरण आहे.

मला वाटलं होतं काकू चिडतील. त्या चिडल्याच, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला जास्त लागलं. त्यांनी आमच्यासाठी स्वतःच्या दारातला माळेचा दिवाही लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी काही बोलणार तोवर सोनाली पलंगावरून म्हणाली, "काकू, मला दिवस गेलेत." आणि मग सगळं सांगितलं. फाल्गुनातलं, आखाजीचं, सोमवारच्या तपासणीचं. खाली मान घालून, एका दमात. मला तर हे सगळं जणू पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं, कारण इतके महिने आम्ही दोघं त्याच्याभोवतीनं बोलत होतो, त्याबद्दल कधीच नाही.

काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या. पदरानं आधी तिचे आणि मग स्वतःचे डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "सांगायचं नव्हतं तर नव्हतं सांगायचं. त्यासाठी माणूस मारायचा का?"

दारातून आपा म्हणाल्या, "मेरेकू तो उसी दिन समझ में आया था. गम में कोई इत्ती खट्टी दाल नै पीता."

नाना मात्र अजून विचारात होते. मला वाटलं त्यांना लागलं. म्हातारं माणूस, त्याच्या मरणाची गोष्ट पुतण्या गल्लीभर करतो, लागणारच. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला तसंच बाजूला सारलं आणि सोनालीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आमच्याकडं समजूत आहे की जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. कावळा अंगाला शिवला तर मुद्दाम अशी बातमी पाठवणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. नाना म्हणाले, "पोरी, भिऊ नको. ह्यानं मारलं म्हंजे माझं आयुष्य वाढलं का नाय? मला आता सत्तरीत लई घिऊन काय करायचं. जेवढं वाढलं तेवढं समदं तुझ्या लेकराला."

सोनाली इतके दिवस उगीच हसत होती, उगीच रडत होती. त्या वेळी ती दोन्ही करत होती आणि त्यातलं काहीच उगीच नव्हतं.

नाना जेवून दुपारच्या गाडीनं गेले. आईला काही सांगायचं नाही असं त्यांनी आपणहून कबूल केलं आणि पाळलंही, जे आमच्या घरात आजवर कुणाला जमलेलं नाही. अंधार पडायच्या आधी काकू त्यांच्याकडचा जुना कंदील घेऊन आल्या, स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं आमच्या गॅलरीत टांगून गेल्या. गल्लीला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. पोरांनी जिन्याखाली फटाके सुरू केले. कुणी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जी ताटं आली त्यांत तळलेलं काही नव्हतं. आवळे आले, लिंबाचं लोणचं आलं, काळी द्राक्षं कुठून तरी आली. सुटका झाल्यासारखं वाटण्यात एक गंमत असते. संकट तिथंच असतं, तपासणी व्हायची होतीच, ठोके दिसतील की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, तरी मी त्या दोन दिवसांत पोटभर झोपलो. आणखी तिघांना ठाऊक आहे, एवढ्यानंच ओझं हलकं झालं. वाईट झालं असतं तर काकूंना आणि आपांना फोन करून सांगावं लागणार नव्हतं. त्या दोघी तशाच दारात आल्या असत्या.

भाऊबीज उलटून सोमवार आला. दिवाळीनंतर दवाखाना पहिल्यांदाच उघडला होता, बाकांवर जागा नव्हती. सोनालीचं नाव पुकारलं तेव्हा तिनं माझी बाही धरली आणि सोडलीच नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी मलाही आत येऊ दिलं. ती आडवी झाली आणि तिनं डोळे घट्ट मिटले. मागच्या वेळी तिनं पडद्याकडं नाही, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघितलं होतं. या वेळी तिला काहीच बघायचं नव्हतं.

डॉक्टरबाई बोलत नव्हत्या. हात फिरत होता, बटणं दाबली जात होती. मग त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला आणि बोटानं एक जागा दाखवली. करड्या धुरकट चित्रात एक बारीकसा ठिपका होता, आणि तो लुकलुकत होता. थांबत नव्हता. मी आयुष्यभर यंत्रं चालू आहेत की बंद, हे बघत आलोय. ते चालू होतं.

"सोनाली, दिसतायत," मी म्हणालो. "ठोके दिसतायत."

तिनं डोळे उघडले नाहीत. तिच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं. "खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

तिचंही बरोबर होतं. पंधरा दिवस मी आईशी खोटं बोललो होतो, काकूंशी बोललो होतो, साऱ्या गल्लीशी बोललो होतो, आणि सगळं तिच्यादेखत, तिच्याचसाठी. आता खरं बोलायची वेळ आली तर माझ्या शब्दाला तिच्यापाशी किंमत उरली नव्हती. डॉक्टरबाई काही बोलणार होत्या, पण मीच खाली वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "माझं ऐकू नको. तू बघ."

तिनं आधी एक डोळा उघडला. बराच वेळ तो एकच उघडा होता. मग दुसरा उघडला.

"डॉक्टर, थोडा वेळ असंच राहू द्या," ती म्हणाली. बाहेर बायकांची रांग लागली होती. डॉक्टरबाईंनी राहू दिलं.